कोण आसा रे घरात?

दत्ताराम घाडी खुर्चीत बसलेला मी नऊ वर्षांत एकदाच पाहिला, आणि तेव्हासुद्धा तहसीलदारांनी दंड धरून त्याला बसवलं होतं. एरवी हा माणूस उभा असतो, नाहीतर चालत असतो. बोलताना तुमच्या तोंडाकडे बघत नाही, तुमच्या खांद्यावरून खाडीकडे बघतो. वर्गात एखादं पोर खिडकीबाहेर बघायला लागलं तरी माझं डोकं फिरतं. पन्नाशीच्या बाप्याने तसं केलं की काय होत असेल, विचारू नका.

मी आडखोलच्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. नाव ऋता, पण ते पगारपत्रकापुरतं. गावाला मी नुसती 'बाई'. मूळची तळेऱ्याची, म्हणजे भरती-ओहोटी कॅलेंडरात बघून कळणाऱ्यांपैकी. बदली होऊन आले त्याच आठवड्यात दत्ताराम हातात मोजपट्टी घेऊन माझ्या वर्गात शिरला. ग्रामपंचायतीचा शिपाई. खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पायात काही नाही.

"बाई, ह्या वर्गात किती माणसा झोपतली?"

"माझ्या वर्गात कुणी झोपत नाही," मी म्हटलं.

"वादळात म्हणतंय मी."

शाळा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर आहे, वेशीच्या जरा पलीकडे, आणि गाव खाली, खाडीच्या काठाने पसरलेलं. त्यामुळे काही झालं की लोक माझ्या शाळेत येऊन पडणार हे तेव्हाच ठरलेलं होतं. मला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तौक्ते वादळात गावातली निम्मी कौलं उडाली. त्यानंतर तालुक्याहून पत्र आलं की प्रत्येक ग्रामपंचायतीने आपत्ती व्यवस्थापनासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. ग्रामसभेत सरपंचबाईंनी चहूकडे बघितलं. सगळे बसलेले होते. जो उभा होता त्याला नेमलं. दुसऱ्या दिवसापासून गावाने त्याचं नाव बदललं. घरपट्टीची पावती घेऊन तो अंगणात आला की आतून कुणीतरी ओरडायचं, "अगो, आपत्ती इली!" तो हसायचा आणि जाता जाता त्यांच्या माडाच्या झावळ्या तारेवर आल्यात का ते बघून जायचा.

आधी त्याच्या घराण्याचा मान सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या गावात दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात गावपळण असते. ग्रामदेव रवळनाथाचा कौल झाला की ढोल वाजतो आणि सबंध गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. प्रत्येक वाडीची राहुट्या टाकायची जागा ठरलेली. कुणी कुठल्या म्हाताऱ्याला उचलायचं, कुणाचं जातं कुणी न्यायचं, तेसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. एकदा पळण लागली की कौल होईपर्यंत कुणी माघारी फिरायचं नाही. घरात विस्तव राहिला तरी नाही.

या सगळ्यात घाडींचा मान शेवटचा. सगळं गाव गेलं की घाडी प्रत्येक उंबऱ्याशी उभा राहून तीन वेळा हाक मारतो, "कोण आसा रे घरात?" उत्तर आलं नाही की पुढचं घर. असं सगळं गाव फिरून तो वेशीवर येतो आणि मानकऱ्यांना सांगतो, "गाव रितो." त्याने ते म्हटलं की पळण लागली. त्याआधी नाही. दत्तारामच्या आज्याने म्हटलं, बापाने म्हटलं, मग हा म्हणायला लागला. सगळ्यांच्या मागून चालायची सवय त्याच्या रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार.

तर आपत्ती झाल्यावर त्याच्याकडे आराखडा आला. ग्रामसेवक कौस्तुभ तेव्हा नुकताच घाटावरून बदलून आलेला. पोरगं हुशार, पण चार गावांचा कारभार एकट्याच्या गळ्यात. त्याने आधीच्या गावचा आराखडा उचलला, वरचं नाव बदललं आणि दत्तारामच्या हातात ठेवला. दत्ताराम तो कागद घेऊन तडक माझ्याकडे आला.

"बाई, वाचा. पूर येयत तेव्हा आमी खंय जावचा?"

मी वाचलं. 'पूरबाधित कुटुंबांनी साखर कारखान्याच्या गोदामात स्थलांतर करावे.'

मला हसू आवरेना. जवळचा साखर कारखाना गाठायचा तर आम्हाला आधी घाट चढायला हवा. दत्ताराम हसला नाही. वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालायला लागला.

पहिल्यांदा भोंगा वाजवून सराव घेतला तेव्हा अकरा माणसं आली. त्यातली चार चहा मिळेल म्हणून. बाकीचे अंगणात उभे राहून भोंग्याकडे बघत होते. रात्रभर त्याला झोप आली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो माझ्या दारात होता.

"बाई, भोंग्याक कोण हलाचा नाय. ढोल वाजलो तर सगळो गाव हलतलो. पळणीत हलता तसो."

मला पटलं. आजही वाटतं की कल्पना सोन्यासारखी होती. मानकऱ्यांनी देवाकडे गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला. संकट आलं तर पळणीचा ढोल वाजवायला देवाने उजवी, म्हणजे होकार दिला. मग दत्तारामने बोलायचं आणि मी लिहायचं, असे चार रविवार आम्ही बसलो. म्हणजे मी बसले. कुठली वाडी, किती माणसं, कोण कुणाला उचलणार, कुठे जाणार. देऊळवाडी, बाजारवाडी, घाडीवाडी, सगळ्यांच्या पळणीच्या जागा सड्यावर, शाळेच्या मागच्या माळावर. फक्त खारवाडीची जागा वेगळी. खारवाडीच्या कडेने व्हाळ, म्हणजे ओढा जातो, तीच गावाची वेस. व्हाळावर साकव आहे, तो ओलांडला की पलीकडचा मळा. खारवाडी पळणीला तिथे राहते. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'खारवाडी, घरे चौदा, माणसे त्रेपन्न. स्थलांतराचे ठिकाण: पलीकडचा मळा.'

आराखडा ग्रामसभेत वाचला तेव्हा काशीबाई उठल्या. दत्तारामची सख्खी आते, खारवाडीत दिलेली. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आवाज देवळाच्या घंटेला लाजवेल असा.

"दत्ताराम, त्या मळ्यार पावसात पाणी येता रे."

"आते, बापजाद्यांपासून तीच जागा आसा. देवान दिलेली."

"देवान मार्गशीर्षातली दिलली. पावसातली खंय दिलली?"

लोक हसले. दत्तारामचे कान लाल झाले. त्याला वाटलं, आपल्या घराण्याच्या मानाचीच चेष्टा चालली आहे, आणि तीही घरच्याच माणसाकडून. त्याने पुढचं पान उलटलं. इतिवृत्त लिहायला मी बसले होते. दीड वाजून गेला होता, मला भूक लागली होती, आणि म्हाताऱ्या माणसांची ग्रामसभेत उठून काहीबाही बोलायची सवय मला चांगली ठाऊक होती. मी काशीबाईंचं वाक्य लिहिलं नाही. नुसतं 'चर्चेअंती मंजूर' असं लिहिलं आणि डबा उघडला.

हे मी मुद्दाम सांगते आहे. दत्तारामबद्दल लिहिते आहे म्हणून माझं झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढचा सराव माघात झाला. ढोल वाजला आणि एक तास चाळीस मिनिटांत आडखोल रिकामं झालं. तालुक्याहून आलेले साहेब घड्याळाकडे बघतच राहिले. पेपरात फोटो आला. तहसीलदारांनी दत्तारामला शाल घातली आणि दंड धरून खुर्चीत बसवलं. तो टोकाला टेकला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि तेव्हाही बघत होता खाडीकडेच. पण त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी पुन्हा पाहिलं नाही.

मग आला ऑक्टोबर. कोजागरीची पौर्णिमा. भात पिकून उभं, निम्म्यांनी कापून आडवं घातलेलं. समुद्रात वादळ आहे हे तीन दिवस ऐकत होतो. किनाऱ्यापासून लांबून जाईल असंच सगळे म्हणत होते. सकाळी सातला कौस्तुभचा फोन आला की लाल इशारा आहे, दुपारपर्यंत वारा वाढेल, सखल भागातली माणसं हलवा असं तालुक्याने कळवलं आहे. पौर्णिमेला आमच्याकडे भरती बाराच्या सुमाराला, आणि ती उधाणाची. वरून पाऊस, मागून वारा. दत्तारामला हे सांगावं लागलं नाही. आठला ढोल वाजला.

कापलेलं भात सोडून माणसं निघाली, शिव्या देत निघाली, पण निघाली. म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घेतलं, गुरं सोडली. जो तो आपापल्या जागेकडे. आराखड्याप्रमाणे शाळेच्या किल्ल्या माझ्या सहशिक्षिकेकडे, तन्वीकडे होत्या, आणि मी वही घेऊन दत्तारामबरोबर. तो उंबऱ्याशी हाक मारणार, मी वहीत खूण करणार. माझी छत्री पहिल्या दहा मिनिटांतच उलटी झाली. त्याने माझ्या डोक्यावर खताची रिकामी गोणी खोळीसारखी दुमडून घातली आणि म्हणाला, "बाई, बऱ्या दिसतास." वैतागले होते, तरी हसले.

देऊळवाडी झाली. बाजारवाडी झाली. वाडीवाडीतून "कोण आसा रे घरात?" आणि पावसाचा आवाज, एवढंच. प्रत्येक घराच्या खुणेबरोबर त्याची पावलं हलकी होत होती. मलाही अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. खारवाडीत पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. तेरा घरं रिकामी. चौदावं काशीबाईंचं.

"कोण आसा रे घरात?"

"मी आसंय!"

दत्ताराम दगडासारखा उभा राहिला. त्याच्या आयुष्यात, त्याच्या बापाच्या आयुष्यात, या हाकेला कधी ओ आली नव्हती.

आत काशीबाई चुलीपुढे पेज ढवळत बसल्या होत्या.

"आते, तू हंय कशी? ढोल वाजलो नाय आयकलंस?"

"आयकलंय. मी येवचंय नाय. त्या मळ्यार जावन मरण्यापरास हंय पेज खावन मरान."

"तुका काय वेड लागला? सगळी वाडी गेली!"

"शिरा पडो तुज्या आराखड्यार!" काशीबाईंनी पळी आपटली. "मी लगीन होवन इलंय त्या वर्सा, ह्याच दिसांत, त्या मळ्यार होडी चलयली माज्या सासऱ्यान. भात वाचवूक. तुका सांगितलंय भर सभेत. तुजे कान खंय होते?"

दत्ताराम मागे वळला आणि धावत सुटला. मी त्याच्यामागे, गोणी सावरत.

साकवापाशी आलो. व्हाळ रोज गुडघाभर असतो, साकवाच्या पुष्कळ खाली. आता पाणी साकवाच्या तळाला चाटत होतं. आणि ते खाली वाहत नव्हतं, उलटं वर चढत होतं, खाडीकडून. भरतीला अजून दीड तास होता. पलीकडे मळ्यावर, बरोबर ठरलेल्या जागी, बावन्न माणसं निळ्या प्लास्टिकखाली ओळीत बसली होती. कुणीतरी स्टोव्हवर चहा ठेवला होता. इतकी नीट, शिस्तीत बसली होती ती माणसं की मला रडू आलं. माझ्या अक्षरात लिहिलेल्या जागी बसली होती ती.

"उठा!" दत्ताराम ओरडला. "माघारी चला! सड्यार चला, शाळेत!"

कुणी हललं नाही. खारवाडीचे मानकरी बाबा परब पुढे आले. शांत, जाड्या मिशांचे, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ.

"माघारी? पळणीत माघारी फिरतत?"

"बाबानू, पाणी येता हंय. बारा वाजता हो मळो रवाचो नाय."

"तूच ढोल वाजवलंस. तूच सांगितलंस, कौल होयसर फिराचा नाय. आता तूच फीर म्हणतंस?" बाबा परबांनी मान हलवली. "देवाच्या नावान हाडलंस, आता कोणाच्या नावान परत नेतंस?"

मी पुढे होऊन भरतीचं, वाऱ्याच्या वेगाचं सांगायला लागले. शुद्ध मराठीत, शाळेतल्यासारखं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मळ्याच्या कडेचं गवत पाण्यात हलायला लागलं होतं. सुगंधा नावाची माझी जुनी विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई, तेवढी उठून उभी राहिली, पण तीही सासऱ्यांकडे बघत तिथेच थांबली. सासरे म्हणजे बाबा परबच.

दत्ताराम पहिल्यांदाच स्थिर उभा होता. खाडीकडे नव्हे, माणसांकडे बघत. मला वाटलं हा आता कोसळणार. मग तो बोलला, आणि त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"गाव रितो नाय."

बाबा परब दचकले. "काय म्हणालंस?"

"गाव रितो झालो नाय. काशीआते घरात आसा. मी हाक मारलंय, तिना ओ दिल्यान. मी अजून वेशीर गेलंय नाय, रितो म्हणालंय नाय." त्याने श्वास घेतला. "पळण लागलीच नाय, बाबानू. तुमी माघारी फिरणत नाय. तुमी अजून निघालासच नाय."

प्लास्टिकवर पाऊस वाजत होता.

"आणि जागा माजी चुकली," तो पुढे म्हणाला. "आते सांगी होती. मी आयकलंय नाय. देव चुकलो नाय, मी चुकलंय."

घाडीच्या तोंडून 'गाव रितो नाय' हे शब्द निघणं म्हणजे काय, हे मला बाहेरच्या बाईला पुरतं कळणार नाही. पण बाबा परबांना कळलं. क्षणभर त्यांनी दत्तारामकडे बघितलं, मग खाली वाकून आपलं गाठोडं उचललं.

"उठा रे," ते म्हणाले. "पळण लागूक नाय."

बावन्न माणसं साकवावरून परत यायला अर्ध्या तासाच्या वर लागला. पहिली माणसं कोरड्या साकवावरून आली, शेवटची पोटरीभर पाण्यातून. दत्ताराम मधोमध उभा राहून एकेकाचा हात धरून पुढच्याच्या हातात देत होता. गुरं मात्र साकवावर पाय ठेवेनात. दोर लावला, मारलं, तरी नाही. शेवटी बाबा परबांनी आपल्या जोडीच्या गळ्यातले दोर सोडले, पाठीवर हात फिरवला आणि मागे न बघता निघून आले. वाडीची नऊ गुरं मागे राहिली.

काशीबाईंना दत्तारामने पाठुंगळीला घेतलं. सडा चढेपर्यंत त्या त्याच्या कानात शिव्या देत होत्या आणि हातातला पेजेचा टोप काही सोडत नव्हत्या. शाळेत आल्यावर त्यांना बसायला कुठे जागा नव्हती. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं.

साडेबाराला साकव गेला. सड्यावरून सगळ्यांनी बघितलं. मळा दिसत नव्हता, नुसतं तांबडं पाणी आणि त्यावर निळं प्लास्टिक. खारवाडीतल्या बायका ते बघत होत्या आणि मुलांना जवळ ओढत होत्या. दत्तारामला कुणी शिवी दिली नाही, कुणी आभारही मानले नाहीत. तो माळाच्या टोकाला एकटा उभा होता. त्याच्याकडे जावं असं मला वाटलं आणि माझे पाय उचलेनात, कारण जाऊन मी काय सांगणार होते? की ते वाक्य मीही ऐकलं होतं?

दोन दिवसांनी पाणी उतरलं. बाबा परबांचा एक बैल पोहून परत आला, दुसरा नाही. बाकीच्या सात गुरांतली तीन मिळाली.

अहवालात कौस्तुभने लिहिलं, 'मृत: शून्य.' तालुक्याला आनंद झाला. शून्य हा आकडा सगळ्या कार्यालयांना फार आवडतो. आमचा आराखडा इतर गावांना पाठवायचं ठरलं आणि दत्तारामचा पुन्हा सत्कार. आदल्या दिवशी कौस्तुभने त्याला समजावलं, "दत्तारामभाऊ, शून्य आलंय ना? मग कशाला उकरून काढता? मळ्याचं आपण गुपचूप दुरुस्त करू." पोराचं चुकीचं होतं असंही मला म्हणवत नाही. तालुक्याला चूक कळवायला गेलं की चार कागद वाढतात, आणि ते सगळे त्यालाच भरायला लागणार.

सत्काराच्या सभेत दत्ताराम शाल घ्यायला गेलाच नाही. जागेवरूनच बोलला, कार्यालयात बोलतात तशा जपून घातलेल्या मराठीत. "साहेब, आराखडा चुकीचा आहे. तो कुठे पाठवू नका. माणसं वाचली ती आराखड्यामुळे नाही, आराखडा मोडला म्हणून वाचली. आमच्या आतेनं मोडला."

सभेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, बसा, बसा. तो काय बसतोय. आणि तेव्हा मी उठले. खूप उशिरा उठले हे मान्य. म्हटलं, "काशीबाईंनी ग्रामसभेत सांगितलं होतं. इतिवृत्त मी लिहिलं. त्यांचं म्हणणं मी लिहिलं नाही."

त्या दिवशी तालुक्याने आराखडा परत दिला, आणि आम्ही पुन्हा चार रविवार बसलो. खारवाडी सड्यावर आली. दत्ताराम आता पावसातसुद्धा, उधाणातसुद्धा प्रत्येक जागेवर जाऊन काठी रोवून यायचा आणि पाणी कुठवर आलं त्याची खूण घेऊन माझ्या वऱ्हांड्यात ओला उभा राहायचा. फरशी खराब होते म्हणून मी ओरडायचे. आणि त्याने आराखड्यात एक रकाना वाढवला. तालुक्याच्या नमुन्यात तो नाही. त्याच्या डोक्यावर मीच लिहिलं: 'येत नाही म्हणणारे, आणि का.' हा रकाना भरायला तो घरोघर फिरला. एकाने लिहवलं, गाय विणार आहे. एकाने, शाळेच्या संडासाला दार नाही. दार मी दुसऱ्याच आठवड्यात बसवून घेतलं.

परवाच्या मार्गशीर्षात गावपळण झाली. त्याआधी मानकऱ्यांनी खारवाडीच्या जागेसाठी कौल लावला, आणि देवाने पहिल्याच फटक्यात उजवी दिली. बाबा परब म्हणाले, "तेका काय, तेका म्हायतच होता. आमीच विचारूक उशीर केलो." यंदा सगळंच गाव सड्यावर. चारशेच्या वर माणसं, गुरं, टोपल्या, जाती, आणि मधे मी, वही छातीशी धरून.

ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला दत्ताराम सगळं गाव फिरून वेशीवर आला. मानकरी उभे राहिले. माणसं गप्प झाली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग मान वळवून खाली खारवाडीकडे बघायला लागला.

काशीबाई माझ्याच शेजारी उभ्या होत्या, काठीवर दोन्ही हात टेकून. "बघतंस काय खाली?" त्या ओरडल्या. "मी हंय आसंय मरे तुज्यासमोर!"

त्याने त्यांच्याकडे बघितलं. दिसल्या त्याला, चांगल्या दिसल्या. "एकदा बघून येतंय," तो म्हणाला आणि उतरणीला लागला.

चारशे माणसं उन्हात ताटकळली. पोरं रडायला लागली, गुरं ओढायला लागली. कुणीतरी म्हणालं, ह्येका आता कायमचा येडच लागला. वही माझ्या हातात होती, खारवाडीची माणसं वर पोचली तशा चौदाही घरांपुढे माझ्याच हाताच्या खुणा झाल्या होत्या, आणि दुसरी कुठली वेळ असती तर पहिली मी ओरडले असते. मी वही मिटली.

खालून त्याची हाक वर आली. हवा इतकी निवांत होती की शब्द अन् शब्द कळत होता.

"कोण आसा रे घरात?"

काशीबाईंचा चेहरा बदलला. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पदराआड तोंड धरून त्या म्हणाल्या, "आसंय रे."

"कोण आसा रे घरात?"

"आसंय."

तिसरी हाक यायला वेळ लागला. काशीबाईंनी माझं मनगट धरलं, आणि ती हाक आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ओ दिली.